नियम एकच

जिल्ह्याहून आलेल्या सरावाच्या कागदावर लिहिलं होतं:
केमिकलचा टँकर, लक्झरी बस, जखमी साठ,
उपलब्ध रुग्णवाहिका बारा.
झुलालअण्णांनी कागद स्टिअरिंगवर पसरला,
बारा हा आकडा बोटाने घासून बघितला,
जातो का.
आमच्याकडे दोन. त्यातली एक
मागच्या संकष्टीपासून धुळ्याच्या गॅरेजात.

तेव्हापासून चोपड्यात आमचा हा खेळ.
रात्री अडीचला, दवाखान्याच्या मागच्या बाजूला,
मे महिना, पत्रा अजून हात लावू देत नाही,
बॉनेटवर शेवमुरमुरे,
आणि नियम एकच:
अशक्य असेल तेच सांगायचं.

कोकिळा वळवी सिस्टर म्हणाल्या,
समजा तापीच्या पुलावर केळीचा ट्रक उलटला
आणि सालींवरून आख्खी वरात घसरली.
बँडवाल्याच्या घशात पिपाणी,
दर श्वासाला सूर निघतोय.
म्हणजे श्वास चालू आहे, मी म्हणालो, हिरवी चिठ्ठी.
आणि घोडा?
घोड्याला पिवळी.
नवरदेव?
त्याला लाल. तो पडायच्या आधीपासूनच लाल होता.

रमजान तडवीने सातपुड्यातून बिबट्या उतरवला.
बिबट्याला उष्माघात.
सावली शोधत तो आमच्याच गाडीत शिरतो,
स्ट्रेचरवर आडवा होतो.
आता 'सोबत आलेल्या नातेवाइकाची सही'
या रकान्यात काय लिहायचं?

अण्णा फक्त एवढंच म्हणाले:
तीनशे जखमी, तीनशेही भाऊलाल पाटील,
आणि प्रत्येकजण आमदारांना फोन लावतोय.

मग मी म्हणालो, समजा बोअरवेलची गाडी,
मागे पाइपांवर झोपलेले मजूर...
अण्णा म्हणाले, बाद.
हे झालंय.

विहिरीत एकामागे एक उतरलेले चौघे भाऊ. बाद.
एका मोटारसायकलवर पाच. बाद, बाद,
ते तर हळदीच्या दिवशीच.
सिस्टर मुरमुऱ्यांतून शेंगदाणे वेचत राहिल्या.
कुणीतरी लगेच बिबट्याला परत आणलं,
त्याला सलाईन लावायला शीर सापडेना.

सरावाचा दिवस. शाळेचं मैदान, सेहेचाळीस अंश.
आयटीआयची पोरं कुंकवाच्या पाण्याने माखलेली,
साहेब मांडवात, पंख्यासमोर.
आमची एक गाडी बारा वेळा आली,
दर वेळी अण्णांनी टोपी बदलली.
शेवटची शिट्टी वाजली तशी
साठच्या साठ जखमी मठ्ठ्याच्या पिंपाकडे धावले,
फ्रॅक्चरवाले सगळ्यात पुढे.

भटू कोळी तेवढा पडून होता.
मनगटाला काळी चिठ्ठी, डोळे मिटलेले, ओठ सुकलेले.
ऊठ रे, संपलं.
तो डोळे न उघडता म्हणाला,
मी मरेल शे ना भो, माले उठाना हुकूम नही.
अण्णांनी चिठ्ठी सोडवली, खिशात घातली,
आणि त्याला स्वतः धरून उठवलं.
गरज नव्हती. सतरा वर्षांचं धडधाकट पोर.
तरी काखेत हात घालून,
मानेला आधार देऊन.

त्या रात्री कुणाला खेळावंसं वाटत नव्हतं.
रमजानच म्हणाला,
एक सांगू का? सुचलंय.

समजा फोन येतो.
पत्ता बरोबर असतो.
टाकीत डिझेल असतं, सिलिंडरमध्ये ऑक्सिजन,
गावाच्या वळणावर कुणी ट्रॅक्टर लावलेला नसतो,
रक्तपेढीत बी निगेटिव्हच्या दोन पिशव्या,
जळगावच्या दारात डॉक्टर उभा, हातमोजे घालून,
आणि पेशंट वाटेत विचारतो,
पोचलो का?

आधी अण्णा हसले.
मग सिस्टर, मग मी, मग रमजान स्वतः,
शेव घशात अडकेपर्यंत हसलो,
वॉर्डातल्या कुणीतरी खिडकी आपटली.
अण्णा स्टिअरिंगच्या फडक्याने डोळे पुसत म्हणाले,
बसतं रे, नियमात बसतं.

सिस्टर म्हणाल्या,
त्यात तो घोडा राहू दे मात्र.
थोडं तरी खरं वाटेल.